मेलोग्रानीबाईंचं माहेर

पुण्याहून साताऱ्याला जाण्यात प्रवासवर्णन लिहिण्यासारखं काही नाही, हे मला मान्य आहे. खंबाटकीचा घाट, एक चहा, की आलं सातारा. आमच्या ओळखीतले लोक इटलीला जाऊन येतात आणि कुठल्या चौकात किती चांगली कॉफी मिळाली यावर पुस्तक काढतात. मी उलटा उद्योग केला. इटलीतल्या एका बाईला घेऊन सातारा, सांगली आणि जतकडचा भाग असा हिंडून आले. गावाकडच्या पाहुणचाराची ज्यांना फार ओढ आहे त्यांनी हे जरूर वाचावं. माझी ओढ या फेरीत पुष्कळ कमी झाली.

माझी नोकरी दुभाष्याची. पुण्याजवळच्या एका कारखान्यात इटालियन यंत्रं यायची आणि ती बसवायला तिकडची माणसं यायची. त्यांचं बोलणं मराठीत आणि आमच्या साहेबांचं बोलणं इटालियनमध्ये करता करता मी म्हातारी झाले. निवृत्तीनंतर इटालियन कानावर पडेनासं झालं होतं. म्हणून जुन्या ओळखीतून लुचिया मेलोग्रानीचा फोन आला तेव्हा मी काम काय ते न विचारताच हो म्हणाले.

लुचिया पन्नाशीची. तिकडे शाळेत भूगोल शिकवते. उंच, आपण गव्हाळ म्हणतो तशा रंगाची, आणि बोलताना समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणारी. तिचं काम एका वाक्यात सांगता येण्यासारखं होतं. तिचे वडील एत्तोरे ऐंशी पार केलेले, काळजाचं दुखणं घेऊन घरात बसलेले. त्यांनी आपल्या बापाचं तोंड कधी पाहिलेलं नाही. जाण्याआधी त्यांना बापाचा एक फोटो बघायचा होता.

बाप साताऱ्याकडचा. महायुद्धात मराठा पलटणी इटलीत लढल्या हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. डोंगरातल्या एका गावात पलटणीचा तळ पडला होता. ज्या घरातून दूध यायचं त्या घरातल्या मुलीचं आणि एका शिपायाचं जमलं. पलटण हलली, मुलगी मागे राहिली, आणि पुढे तिला मुलगा झाला. तिच्या आईबापांनी तो ख्रिस्ती जोगिणींच्या अनाथालयाच्या दारात ठेवला आणि मुलीचं लग्न लांबच्या गावी लावून दिलं. तिकडेही माणसं आपल्यासारखीच.

इतकं कळायला त्या घराला आयुष्य गेलं. बाकीचं एका खेळातून कळलं. लुचियाला कुणीतरी वाढदिवसाला थुंकी तपासून नातलग शोधायचा संच भेट दिला. त्यातून तिचं रक्त अमेरिकेतल्या एका निकम आडनावाच्या मुलाशी जुळलं. मुलगा हौशी. त्यानं लगेच लिहिलं, की आमच्या घरातून इटलीच्या लढाईवर एकच माणूस गेला होता, माझे पणजोबा गणपतराव. त्यानं गावाचं नाव कळवलं, चुलत्यांचा फोन नंबर कळवला. मग ही बातमी त्यानं घरी सांगितली आणि त्या दिवसापासून त्याचं उत्तर येणं बंद झालं. चुलत्यांना, म्हणजे आबासाहेबांना, मीच फोन लावला. "या की," ते म्हणाले. "पाव्हणं म्हंजे आमच्याकडं देव."

सातारा

लॉजच्या मालकानं लुचियाचा पासपोर्ट बघितला, मग माझ्याकडे वळून आडनाव विचारलं. मी सांगितलं. "आन् माहेरचं?" मी तेही सांगितलं. "मूळचं गाव कुठलं?" असं करत करत त्याला जे हवं होतं ते मिळालं, चेहऱ्यावर समाधान पसरलं आणि आम्हाला किल्ली मिळाली. लुचियाला वाटलं, सरकारी नियम असेल. मी तिला सांगितलं, की नियमच आहे, पण सरकारचा नाही. आमच्याकडे आडनाव विचारतात ते हाक मारायला नव्हे, माणूस कुठल्या फळीवर ठेवायचा ते ठरवायला.

संध्याकाळी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी फिरून आलो आणि कंदी पेढे खात गच्चीवर बसलो. पेढा तिला फार गोड लागला, तरी तिनं दुसरा घेतला. मग तिनं मला तिकडची आडनावं सांगितली. फेर्रारी म्हणजे लोहार. आपण मोठ्या गाडीचं नाव म्हणून घेतो, पण मूळ भाता ओढणारा. मोलिनारी म्हणजे गिरणीवाला. रोस्सी म्हणजे तांबडे, ज्यांच्या पूर्वजाचे केस तांबडे होते ते. रिच्ची म्हणजे कुरळ्या केसांचे. मी म्हटलं, आमच्याकडे गोरे आहेत, काळे आहेत, लांबे आहेत, सुतार आणि कुंभारही आहेत. इथवर आमची गंमत चालली होती.

"आणि एस्पोसितो," ती म्हणाली. "नेपल्समध्ये दगड मारला तर एस्पोसितोला लागेल, इतके आहेत. अर्थ, बाहेर ठेवलेला. अनाथालयाच्या दाराबाहेर." तिकडे प्रत्येक शहराचा आपला शिक्का होता. फ्लॉरेन्सच्या अनाथालयातली मुलं इन्नोचेन्ती, म्हणजे निष्पाप. मिलानची कोलोंबो, कारण तिथल्या संस्थेच्या चिन्हावर कबुतर होतं. रोमची प्रोयेत्ती, टाकलेली. पिढ्या उलटल्या, त्यांची घरं झाली, दुकानं झाली. आज कुणी त्या नावाची लाज धरत नाही. पुढे कायदा झाला, की टाकलेल्या मुलाला त्याचा जन्म सांगणारं आडनाव द्यायचं नाही. मग कारकून नवी आडनावं रचायला लागले. एत्तोरेच्या वेळच्या कारकुनाला काही सुचेना. त्यानं खिडकीबाहेर बघितलं, अंगणात डाळिंबाचं झाड होतं. मेलोग्रानी म्हणजे डाळिंबं.

"चांगला माणूस असणार तो कारकून," मी म्हणाले.

"असेल," ती म्हणाली. "पण त्या भागात मेलोग्रानी नावाचं दुसरं घरच नव्हतं. शाळेत नाव पुकारलं, की सगळ्या वर्गाला कळायचं. बाबा म्हणतात, त्यापेक्षा एस्पोसितो दिलं असतं तर मी गर्दीत लपलो असतो."

माझं आडनाव लग्नात बदललं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं, एवढंच मनात आलं.

कोरेगावच्या पुढे

गावाचं नाव मी लिहीत नाही. तिकडे माझे नातलग आहेत आणि मला अजून त्यांच्या लग्नांना जायचं आहे.

उसाचे दिवस होते. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रस्त्यावर डुलत होते आणि त्यांच्या मागे आम्ही गोगलगायीच्या गतीनं चाललो होतो. एका ट्रॉलीतून उसाची मोळी सुटून आमच्या गाडीवर पडली आणि काच तडकली. ट्रॅक्टरवाला उतरला, काचेकडे बघितलं आणि म्हणाला, "ऊस गोड हाय, न्या घरला." लुचियानं खरंच एक कांडं घेतलं आणि दातांनी सोलता येईना म्हणून मांडीवर ठेवून दिलं.

गावाच्या वेशीत फ्लेक्स होता. त्यावर लुचियाचा कुठूनतरी मिळवलेला फोटो आणि खाली शुभेच्छुकांची रांग, त्यातले निम्मे मोबाईल कानाला लावून. मजकूर होता, 'इटली देशाच्या थोर इतिहास अभ्यासक यांचे सहर्ष स्वागत'. मी तो जसाच्या तसा तिला सांगितला. "पण मी भूगोल शिकवते," ती म्हणाली. तेव्हा ती हसली. मी हसले नाही, कारण आबासाहेबांना ती कोण हे मी फोनवर नीट, दोनदा सांगितलं होतं.

शाळेच्या पटांगणात सत्कार झाला. फेटा, शाल, नारळ. पलटणीतून निवृत्त झालेले म्हातारे पदकं लावून पहिल्या रांगेत बसले होते. त्या गावात घरटी एक तरी माणूस फौजेत, आणि ते म्हातारे खरोखर ताठ आणि देखणे. सरपंचांनी भाषण केलं, की आमच्या गावच्या वाघांनी इटली मुक्त केली आणि त्या उपकाराची आठवण म्हणून या बाई एवढ्या लांबून आल्या. टाळ्या झाल्या. गणपतरावांचं नाव शूर जवान म्हणून घेतलं. या बाईशी त्यांचं नातं काय, हे मात्र मांडवात कुणाच्याच तोंडून निघालं नाही. आणि मला शंका नाही, की मांडवातल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. मागच्या बायका लुचियाच्या नाकाकडे बघून एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या.

मग घरी जेवण. घर पक्कं, स्लॅबचं, दारात बुलेट आणि ट्रॅक्टर. आबासाहेब साठीचे, पांढरे कपडे, बोलणं मोकळं. त्यांचे वडील म्हणजे गणपतरावांचे थोरले चिरंजीव, आता नाहीत. आबासाहेबांच्या पत्नीनं, वहिनींनी, मटणाचा रस्सा, बाजरीची भाकरी आणि ठेचा केला होता. लुचियानं ठेचा भाजीसारखा घासाबरोबर घेतला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. वहिनी उठून दह्याची वाटी घेऊन आल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवला. "आवं ताई, सांगा की त्यास्नी, हळू खावा. घर आपलंच हाय." हे मी भाषांतर केलं आणि लुचियाला बरं वाटलं. मलाही वाटलं.

सोप्याच्या भिंतीवर हार घातलेले फोटो ओळीनं होते. मधला एक खिळा रिकामा होता आणि त्याच्याखालचा रंग ताजा दिसत होता. माझी नजर तिथे गेलेली आबासाहेबांनी बघितली.

"फोटो हाय," ते म्हणाले. "कपाटात ठिवलाय. देतो की. न्हाई कशापायी म्हणू? आमचा आज्जा, त्यांचा बी आज्जा. फकस्त एक सही पायजे."

जेवणाच्या पंगतीत मी ज्याला पाहुणा समजत होते तो त्यांचा भाचा निघाला, आणि तो वकील होता. त्यानं बॅगेतून कागद काढला. हक्कसोड. आमच्या भागातल्या बायकांना हा शब्द सांगावा लागत नाही. बापाच्या जमिनीत मुलीचा वाटा असतो, तो तिनं सही करून भावांना सोडून द्यायचा, म्हणजे माहेरचं दार उघडं राहतं. आता तोच कागद इटलीच्या बाईपुढे आला होता. लुचियाला मी समजावून सांगितलं. "जमीन?" ती म्हणाली. "मला जमीन कशाला? द्या, करते सही." पेन तिनं हातात घेतलंसुद्धा.

तेवढ्यात वकीलच थांबला. "मामा," तो म्हणाला, "हिनं हक्क सोडायचा म्हंजे आदी हिला हक्क हाय आसं ल्ह्यावं लागंल. ही आज्ज्याची नात हाय हे आपणच कागदावर मान्य केल्यासारकं हुतंय. उद्या कायदा बदलला तर?"

आबासाहेब विचारात पडले. बोअरच्या आणि कॅनॉलच्या पाण्यानं उसाखाली आलेली जमीन आहे, तिला जपावं लागतं हे मीही समजू शकते. मामाभाच्यानं आत जाऊन थोडा वेळ घालवला. बाहेर आले तेव्हा वकिलानं वहीच्या कागदावर नवा मजकूर लिहून आणला होता. लुचियानं लिहून द्यायचं, 'मी खाली सही करणार लिहून देते, की माझा व माझ्या वडिलांचा कै. गणपतराव निकम यांच्याशी रक्ताचा कोणताही संबंध नाही व पुढे कधी तसा दावा करणार नाही.' हे पक्कं टाइप करून घ्यायचं, दुभाषी म्हणून खाली माझी सही. मग फोटो.

साहेब लोकांचं बोलणं जरा मऊ करून सांगायची सवय मला नोकरीत लागली होती. ती मी त्या दिवशी वापरली नाही. शब्दाला शब्द सांगितलं. लुचियानं पेन चटईवर ठेवलं.

"बाबांच्या जन्माच्या दाखल्यावर लिहिलंय, बाप माहीत नाही," ती म्हणाली. "ते एकदा लिहून झालंय. मी परत कसं लिहू?"

हे मी मराठीत सांगितलं. आबासाहेबांनी मान हलवली, जणू बैलाचा सौदा फिसकटला. "बरं, ऱ्हाऊ द्या. घाई न्हाई. जेवून गेलासा, लय बरं वाटलं." आणि ते खरंच त्यांना बरं वाटलं होतं, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

निघताना वहिनींनी लुचियाची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. तिला पदर नव्हता, म्हणून मिळालेली शालच पसरायला लावली. वाकून तांदूळ घालताना त्या मला हळूच म्हणाल्या, "आमची आत्तीसासू हाय जतकडं. तानूआत्ती. म्हाताऱ्याची लेक. तिला जाऊन इचारा." आणि नवऱ्याकडे न बघता आत निघून गेल्या.

आष्टा आणि सांगली

दुसऱ्या दिवशी कऱ्हाड मागे टाकून पेठ नाक्याहून आत वळलो. आष्ट्याला बाजाराचा दिवस असावा. मिरच्यांचे ढीग, केळीचे घड, शेळ्या घेऊन उभी असलेली माणसं. चहा प्यायला थांबलो तर दुकानदारानं लुचियाला विचारलं, "म्याडम कुनाकडं आल्या?" मी म्हटलं, निकमांकडे. "मंग पाव्हण्याच की आमच्या. माझी चुलती निकमाची," तो म्हणाला आणि चहा फुकट पाजला. रक्ताचा काही संबंध नसलेल्या माणसाकडून तिला हा पहिला हक्काचा चहा मिळाला.

सांगली माझं माहेर. कृष्णेच्या घाटावर तिला नेलं, गणपतीच्या देवळात नेलं, भडंग खायला घातलं. भडंग तिला फार आवडलं. तिनं दोन पिशव्या वडिलांसाठी बांधून घेतल्या. आमची गल्ली तिथून चालत जाण्याइतकी जवळ. लुचियानं विचारलं, तुझं घर बघूया का? मी नाही म्हणाले. घर आता पाडून तिथे भावानं इमारत उठवली आहे. मीही सही केलेली आहे. वडिलांच्या दहाव्यानंतर लगेच कागद पुढे आला, भाऊ म्हणाला, ताई तुला काय कमी आहे, आणि मी केली. पहिली काही वर्षं भाऊबीजेला बोलावणं यायचं. मग भावजयीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मग भाचा परदेशात गेला, मग फोनवरच ओवाळणं व्हायला लागलं. मला राग आहे का? आहे. इतक्या वर्षांनी गल्लीच्या तोंडावरून मागे फिरताना तो नीट कळला.

लुचियाला हे सगळं मी सांगितलं. ती म्हणाली, "मग सही करून उपयोग काय झाला?" 

जतच्या पलीकडे

कवठे महांकाळ सोडलं की जमीन रंग बदलते. हिरवं विरळ होत जातं, मग माळ, दगड, मधूनच शाळूचं पीक आणि मेंढ्यांचे कळप. एका वाडीवर पाण्याचा टँकर उभा होता आणि त्याच्याभोवती घागरी, बॅरल, बादल्या. परवाच ज्या भागात पाणी उसाच्या सऱ्यांतून वाहताना बघितलं तो भाग या गावांपासून गाडीनं अर्ध्या दिवसाच्या अंतरावर आहे. लुचियानं भूगोलाच्या बाईसारखे बरेच प्रश्न विचारले. मुलगी कोरडवाहूत देऊन बागायत मुलाकडे ठेवायचं, हा भूगोल मी तिला समजावला.

तानूबाईंचं घर रस्त्यापासून आत, माळावर. दगडी, बुटकं, पत्र्याचं. सून अंगणात शेंगा फोडत होती आणि लेकरांवर कानडीत ओरडत होती. तानूबाई पंचाहत्तरीच्या असाव्यात. उंच. दारात उभ्या राहिल्या आणि लुचियाकडे बघतच राहिल्या. मग मला म्हणाल्या, "आबाचा फोन आलता. आत्ती, काय बी बोलू नगंस म्हणाला."

"मग आम्ही जाऊ का?" मी विचारलं.

"उनाचं आलासा. भाकर खाल्ल्याबिगर कशाला जातासा?"

शाळूची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. तानूबाई समोर बसून लुचियाचं खाणं बघत होत्या. तिनं भाकरीचा पापुद्रा सोलून आधी खाल्ला, तशा त्या उठल्या, तिच्या शेजारी जाऊन बसल्या आणि तिचा हात हातात घेऊन उलटापालटा करून बघायला लागल्या.

"तात्यास्नी ठावं हुतं," त्या म्हणाल्या. बापाला त्या तात्या म्हणत. "घरात समद्यास्नीच ठावं हुतं. आईचं आन् त्यांचं भांडान झालं की आई म्हनायची, जावा तुमच्या गोरीकडं. मग तात्या ताटावरनं उठायचं आन् रानात जायचं."

मी लुचियाला सांगितलं. तिनं विचारलं, मुलाचं माहीत होतं का?

तानूबाईंनी तिचा हात आपल्या मांडीवर ठेवून घेतला. "माझ्या बारशाची गोष्ट आई सांगायची," त्या म्हणाल्या. "पाळण्याम्होरं तात्या आलं, मला बगितलं आन् म्हनालं, ही माझी तिसरी. बाया हासल्या. म्हनाल्या, आवं दुसरी, थोरला यकच न्हवं का? तात्या म्हनालं, व्हय व्हय, दुसरी. आन् भाईर निगून गेलं. पुन्ना कवा बोलल्यालं न्हाईत."

हे मी इटालियनमध्ये सांगितलं. लुचियानं मला ते परत सांगायला लावलं, आणि मी परत सांगितलं. तिसरी. मग तिनं फोटोचं विचारलं.

"लेकीला फोटू कोन देतंय?" तानूबाई म्हणाल्या. "फोटू घरात ऱ्हातो. लेक घरात ऱ्हात न्हाई."

लुचियानं मग एकच मागितलं. तानूबाईंचाच एक फोटो काढू दे. बहीण तरी बाबांना दिसेल. तानूबाईंनी चटकन पदर तोंडावर ओढला. "नगं बाई. आबाला कळलं तर माझं माहेर तुटंल." लुचियानं फोन पर्समध्ये टाकला. तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही, आणि याबद्दल मला तिचा आजही आदर वाटतो.

निघताना म्हातारी आमच्याबरोबर गाडीपर्यंत आली. लुचियाला मराठी समजत नाही हे विसरून तिच्याशीच बोलत होती. "सही करून टाक, पोरी. मी बी केली. काय हुतं सहीनं? माझा भाव काय जिमीन डोक्यावर घिऊन गेला? सही केली म्हनून दिवाळीला साडी येती. मेल्यावर माहेरचं लुगडं यील अंगावर घालाय. त्ये न्हाई आलं तर बाईची लय बेअब्रू हुती बग." मग माझ्याकडे वळल्या. "सांगा तिला. आन् तिच्या बापाला म्हनावं, बहीन हाय."

सगळं मी सांगितलं. वाटभर लुचिया खिडकीबाहेर बघत होती. मिरज आल्यावर म्हणाली, "उद्या परत त्या गावात जाऊ."

मी तिला थांबवायचा प्रयत्न केला. म्हटलं, त्या कागदाला विचारतो कोण, पण तुला आयुष्यभर टोचेल. ती म्हणाली, "बाबांकडे आयुष्यभर नाहीये."

पुन्हा कोरेगावच्या पुढे

वेशीतला फ्लेक्स बदलला होता. आता तिथे कुणाचातरी वाढदिवस होता, शुभेच्छुक तेच होते.

कागद टाइप होऊन तयारच होता. म्हणजे ती येणार याची मामाभाच्यांना खात्री होती. लुचियानं तो वाचायला घेतला नाही. तो काय म्हणतो हे तिला माहीत होतं. तिनं संपूर्ण नाव लिहिलं, त्या कारकुनानं खिडकीतून बघून ठरवलेलं आडनाव स्पष्ट अक्षरांत लिहिलं. खाली मी सही केली, की हा मजकूर मी तिला समजेल अशा भाषेत समजावून सांगितला आहे. समजावण्यासारखं त्यात काय होतं, ते मला अजून कळलेलं नाही. निकमांच्या घरात लेक म्हणून जी जन्मली तिनं एक दिवस येऊन सही करायची आणि रिकाम्या हातांनी निघायचं, हा तिथला रिवाज. लुचियानं तो पाळला. त्या घराशी आपलं काही नातं नाही असं लिहून देताना ती जितकी त्या घरची दिसली तितकी फेट्यातही दिसली नव्हती.

वहिनींनी कमरेची किल्ली काढून कपाट उघडलं. टॉवेलात गुंडाळलेली चौकट आबासाहेबांनी बाहेर काढली, बाहीनं काच पुसली आणि लुचियानं हात पुढे केले तसे मागे सरकले.

"मूळ फोटू घरातनं हालवाय येत न्हाई," ते म्हणाले. "मोबाईलवर घ्या की काढून. हवं तेवडं घ्या. मी धरतो."

म्हणजे पहिल्याच दिवशी, फोटो भिंतीवर राहू दिला असता तर, एका मिनिटात जे झालं असतं तेच. मी हे बोलून दाखवलं. चांगल्या शब्दांत नाही. आबासाहेबांना त्याचं वाईट वाटलं. "ताई, राग मानू नगा. कायद्याचं कायदा, घरचं घर," ते म्हणाले.

त्यांनी चौकट छातीशी धरली आणि लुचियानं फोटो काढले. गणवेशातला तरुण, टोपी एका बाजूला कललेली, हात पाठीमागे, नजर किंचित बाजूला, फोटोवाल्याचं न ऐकल्यासारखी. प्रत्येक फोटोत दोन्ही कडांना आबासाहेबांचे अंगठे आले आहेत.

तिथूनच तिनं वडिलांना फोन लावला. पडद्यावर स्वयंपाकघर दिसलं, ऑइलक्लॉथचं टेबल, आणि अंगात लोकरीचं जाकीट घातलेला म्हातारा. लुचियानं फोन फिरवला. आबासाहेबांनी चौकट अजून धरलेलीच होती. एत्तोरे चष्मा वर करून, मग खाली करून बघत राहिला. मग आपल्या कानाला हात लावून म्हणाला, "कान बघ."

मग त्यानं विचारलं, "काय म्हणाले ते लोक? मी यांचा आहे म्हणाले?"

"हो बाबा," लुचिया म्हणाली. "कागदावर लिहून सही केली आहे."

"सही?"

"सही. साक्षीदाराचीसुद्धा."

म्हातारा लहान मुलासारखा रडायला लागला. आबासाहेबांनी मला विचारलं, "काय झालं? काय म्हनत्यात?" मी म्हटलं, "विचारताहेत, त्यांना तुम्ही आपलं मानलं का."

आबासाहेबांनी वकिलाकडे बघितलं. वकिलानं कागद घडी करून बॅगेत घातला होता आणि बॅगेची चेन लावली होती. मग आबासाहेबांनी चौकट वहिनींच्या हातात दिली, फोनच्या अगदी जवळ गेले आणि दोन्ही हात जोडले. त्यांचे डोळे खरंच भरून आले होते, हे मी स्वतः बघितलं.

"राम राम, काका," ते म्हणाले. "तब्येतीला जपा."

एत्तोरेनं विचारलं, तो शब्द काय आहे? मी सांगितलं, वडिलांच्या भावाला म्हणतात. तो त्यानं दोनदा म्हणून बघितला, आणि मग आबासाहेबांसारखेच हात जोडले.